बोळ्यावरचं नाव

१९ फेब्रुवारी १९६२, सोमवार

ही वही रमानं आणून दिली. म्हणाली, "कुढत बसता, त्यापेक्षा लिहीत जा." तिला वाटतं, नोकरी कायम होत नाही म्हणून मी गप्प आहे. वाटू दे.

आज फौजदारानं ठाण्यात बोलावलं. मी घाबरलो, कारण घाबरण्यासारखं माझ्याजवळ आहे. ते आधी लिहून टाकतो, म्हणजे वही आपली आहे की परक्याची ते कळेल.

मी मलेरिया खात्याचा कामगार. अकोल्याच्या पलीकडची नऊ गावं माझ्याकडे. दर पंधरा दिवसांनी घरोघर जायचं, "कोणाला ताप आला होता का, पाहुण्याला आला होता का" विचारायचं, ताप असेल त्याच्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचं, चार गोळ्या द्यायच्या आणि भिंतीवर गेरूनं तारीख टाकायची. आता ताप काय माझ्या सांगण्यानं येतो? पण साहेबाला महिन्याच्या महिन्याला पट्ट्या मोजून पाहिजेत. कमी भरल्या की "काय हो, सायकल फक्त मिरवायला दिली का?" मग मी काय करतो, तर बाभळीखाली बसून स्वतःचंच बोट टोचतो. एका टोचणीत तीन पट्ट्या निघतात. नावं रजिस्टरातली, रक्त माझं. मी एकटा करतो असं नाही, पण मी नीटनेटकं करतो. माझं रजिस्टर साहेब दुसऱ्यांना दाखवायला नेतात.

फौजदाराला हे सगळं ठाऊक होतं. कसं, ते विचारायची छाती झाली नाही. "भटजी, जानेवारीत पिंपळडोहात अकरा ताप, अन् गावात एक बी माणूस आजारी नाही. वरती कळवू का?" मग त्यांनी चहा मागवला आणि मुद्द्यावर आले.

पिंपळडोहचा देवराव गेल्या महिन्यात विहिरीपाशी मरून पडला होता, डोक्यात घाव. त्याच्या खांद्यावरच्या दुपट्ट्यावर दोन माणसांचं रक्त निघालं, एक त्याचं आणि एक मारणाऱ्याचं. संशय शालिकरामवर, कारण दोघांचं धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, दोन वर्षं वाजत होतं आणि शालिकरामच्या हाताला जखम आहे. तो म्हणतो विळा लागला. दोनदा ठाण्यात आणून सोडला. रक्त मागितलं तर त्याचे वकील बापूसाहेब आडवे आले. घटनेत लिहिलंय म्हणे की माणसाला स्वतःच्याच विरुद्ध साक्ष द्यायला लावता येत नाही.

"तुमाले कोन नाही म्हनते?" फौजदार म्हणाले. "तुमी मलेरियावाले. बोट टोचा, कापूस चांगला भिजू द्या, अन् बोळा मले आनून द्या."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

२१ फेब्रुवारी

जाऊन आलो. सुटल्यासारखं वाटतंय.

शालिकराम ओसरीवर बसला होता, डाव्या हाताला फडकं. मला पाहून म्हणाला, "या हरिभाऊ. आमच्या घरी कोनी येऊन नाही राहिलं आजकाल. तुमी आले, बरं वाटलं." त्याच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, ताक आणलं, वर भाकर आणि ठेचा. तीन वर्षं मी त्या घरी ताक पितोय. गावात माझ्या सायकलीला कुत्री लागली की हाच माणूस धावून यायचा.

मी म्हटलं, "शालिकराम, ताप-बीप?" तो म्हणाला, "ताप नाही, पन पायजे असंन त घ्या रक्त. तुमाले पट्ट्या भरा लागतात, मले का मालूम नाही?" आणि त्यानं चांगल्या हाताचं बोट पुढे केलं.

माझ्याच्यानं झालं नाही. "राहू द्या, आज पट्ट्या संपल्या," असं काहीतरी पुटपुटलो, भिंतीवर तारीख टाकली आणि निघालो. नाल्यापाशी सायकल लावली आणि स्वतःचं बोट टोचलं. बोट पिळून पिळून बोळा चिंब केला, कागदात गुंडाळला, वर लिहिलं: शालिकराम, पिंपळडोह.

आता यात वाईट कोणाचं झालं? खून मी केलेला नाही. माझं रक्त त्या दुपट्ट्यावरच्या रक्ताशी जुळणार कसं? माणसाचा चेहरा दुसऱ्यासारखा नसतो, अंगठा नसतो, तसं रक्तही नसणार. तिकडे तपासतील, म्हणतील जुळत नाही, शालिकराम सुटला. फौजदार खूश, साहेब खूश, आणि मी त्या बिचाऱ्याला वाचवलं ते वेगळंच.

बोळा दिला तेव्हा फौजदारानं कागद उघडूनही पाहिला नाही. "नाव नीट लिवलं ना? मंग बाकीचं आमी पाहून घेतो."

२७ फेब्रुवारी

रमाला आज बाजारातून संत्री आणली. तिसरा महिना आहे. ती म्हणाली, "आज स्वारी खुशीत दिसते." मी म्हटलं, कधीकधी आपल्यालाही डोकं चालवता येतं. कशात चाललं ते सांगितलं नाही.

२ एप्रिल, सोमवार

शालिकरामला धरलं. रक्त जुळलं.

३ एप्रिल

काल एवढंच लिहून वही मिटली. आज बापूसाहेबांकडे गेलो. ते आमच्या नानांचे, माझ्या वडिलांचे, यजमान, त्यांच्या घरची सत्यनारायणाची पूजा नानाच सांगतात, त्यामुळे जायला निमित्त लागत नाही. ओसरीवर बसलो, इकडचं तिकडचं बोललो. शेवटी म्हटलं, "काका, दोन माणसांचं रक्त सारखं असतं का हो?"

ते हसले. "अरे, मलेरियात तीन वर्षं काढली आणि हे ठाऊक नाही? रक्ताचे चारच गट. ए, बी, एबी आणि ओ. देवराव ओ निघाला. दुपट्ट्यावरचं दुसरं रक्त बी, आणि तुझ्या बोळ्यातलंही बी. आपल्याकडे तिनांतला एक माणूस बी असतो."

चारच. आख्ख्या जगाला चार. तीन वर्षं मी रोज रक्त काढतोय, हजारो पट्ट्या हाताखालून गेल्या, आणि मला हे कोणी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही. आम्हाला काय, ताप आहे की नाही एवढंच.

बापूसाहेब मात्र रंगात आले होते. "बोळा फसवून घेतलेला आहे. मी घटनेच्या वीस कलमावर भांडणार. मागच्या ऑगस्टात दिल्लीच्या अकरा न्यायाधीशांनी ठरवलं की अंगठ्याचा ठसा, अक्षराचा नमुना घेणं म्हणजे साक्ष घेणं नव्हे. ठीक आहे. पण रक्ताचं काय? अंगातलं रक्त, तेही कपटानं घेतलेलं? हा मुद्दा मी नागपूरला हायकोर्टात नेईन, बघच तू." मग माझ्याकडे पाहून आवाज खाली आणला. "तुझा दोष नाही म्हणा. तू हुकुमाचा ताबेदार."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. मी चहा प्यालो आणि घरी आलो.

९ मे

मॅजिस्ट्रेटपुढे जबाब झाला. शपथ घेतली. "हा बोळा कोणाच्या रक्ताचा?" "शालिकरामच्या." "तुम्ही स्वतः घेतला?" "हो."

शालिकराम पिंजऱ्यात होता. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्याला तर पक्कं ठाऊक आहे की मी त्याचं बोट टोचलं नाही. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तो नुसता गोंधळलेला दिसला, जणू आपलंच काही विसरायला झालं असावं. बाहेर बापूसाहेब त्याला म्हणाले, "कधी टोचलं आठवत नाही तर गप्प राहा." तो गप्प राहिला.

मी इतका हलकट असेन असं मला वाटलं नव्हतं.

२४ मे

ऊन असं की सायकलच्या मुठीला हात लागत नाही. फेरीवर जातो, पिंपळडोहात शालिकरामचं घर सोडून पुढे जातो. वच्छलाबाईंची म्हैस विकली असं कळलं.

३० मे

काही नाही. पट्ट्या सतरा. सतराही माझ्याच.

१६ जुलै, सोमवार

आज रमानं माझा हात धरून उलटा केला आणि सगळी बोटं पाहिली. टोचून टोचून ती जाड, काळी पडली आहेत. "हे काय आहे?" मी म्हटलं, कामाचं आहे. "कामात दुसऱ्याचं बोट टोचतात. हे तुमचं कसं?"

सांगितलं. सगळंच सांगितलं. तिचं नववं सरेल तेव्हा मी कुठे असेन, तुरुंगात की घरी, तेही बोलून गेलो. ती पोटावर हात ठेवून बसली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "वच्छलाबाईला मुलं किती?" मी म्हटलं, दोन. "मग माझ्याकडे काय पाहता? जा बापूसाहेबांकडे. आत्ताच्या आत्ता जा."

गेलो. बापूसाहेबांनी ऐकून घेतलं आणि टेबलावर हात आपटला. मला वाटलं मारतात आता. पण ते चिडले नव्हते, थोडे हिरमुसले होते. त्यांचा हायकोर्टाचा मुद्दा गेला. बोळाच शालिकरामचा नाही तर कलम वीस कशाला? मग म्हणाले, "कोर्टात बोलशील? खोट्या साक्षीचा खटला होईल तुझ्यावर. सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे." मी म्हटलं बोलेन. ते म्हणाले, "आणि ऐक, काही लिहून ठेवलं असशील तर जाळ. तोंडातून वदवून घेता येत नाही, पण घरातले कागद उचलून नेता येतात."

जाळवली नाही. वही तांदळाच्या डब्यात ठेवली आहे.

६ ऑगस्ट, सोमवार

बोललो.

सेशन कोर्ट गच्च भरलं होतं. सरकारी वकिलांनी विचारलं, "बोळा आरोपीच्या रक्ताचा ना?" मी म्हटलं, "नाही. माझ्या." मग मागून नुसती कुजबुज. त्यांनी मला फितूर जाहीर केलं आणि तासभर सोलून काढलं.

"हे रजिस्टर तुमचंच?" "हो." "एकवीस फेब्रुवारीला शालिकराम, ताप, रक्त घेतलं, गोळ्या चार, असं तुम्हीच लिहिलंत?" "हो." "घराच्या भिंतीवर तीच तारीख तुमच्याच हातची?" "हो." "तीन वर्षांत तुमच्या रजिस्टरात साहेबांना एक चूक सापडली नाही. म्हणजे तीन वर्षं तुम्ही खरे आणि आजच खोटे?" लोक हसले. मी म्हटलं, "तीन वर्षं खोटा, आज खरा." ते म्हणाले, "किती दिले वच्छलाबाईंनी? म्हैस कशाला विकली?"

म्हैस वकिलाच्या खर्चासाठी विकली. पण ते मी सांगून कोण ऐकणार.

शालिकरामनं मात्र पिंजऱ्यातून दोन्ही हात जोडले. तेवढं पाहून मला वाटलं, झालं, सुटलो. चार महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

८ ऑगस्ट

बापूसाहेब म्हणाले, शालिकराम सुटल्यात जमा आहे. धुऱ्याचं भांडण आणि हाताची जखम, एवढ्यावर कोणी माणसाला खुनी ठरवत नाही. बोळा शंकास्पद झाला, आता त्याचा जोर नाही. फक्त युक्तिवाद आणि निकाल बाकी.

संध्याकाळी खात्याचा शिपाई कागद घेऊन आला. मी निलंबित.

१४ ऑगस्ट

दुसरा कागद. मॅजिस्ट्रेटपुढे एक आणि सेशन कोर्टात दुसरं बोललात, तेव्हा तुमच्यावर खटला का भरू नये ते सांगा.

नाना सकाळपासून देवघरातून बाहेर आले नाहीत. दुपारी एवढंच म्हणाले, "जुन्या शहरात आता कोणाच्या घरी पूजा सांगायला जाऊ मी?" लोक रस्त्यात मला विचारतात, किती मिळाले? भाजीवाला सुद्धा. मी पैसे खाल्ले नाहीत हे सिद्ध कसं करू? माणूस खरं बोलतोय हे दाखवायला काही असतं का कुठे?

१७ ऑगस्ट

असतं. दोन दिवस तेच डोक्यात घोळतंय. शालिकरामनं आता आपणहून रक्त द्यायचं. ते बी निघालं नाही की सगळं चोख. बोळा माझा होता हे जगाला पटेल, मी पैसे खाल्ले नाहीत हे पटेल, खटला उभाच राहणार नाही. आणि त्याचंही भलंच की. नाहीतर सुटला तरी गावात "पुराव्याअभावी सुटला" म्हणतील, मुलांची लग्नं होणार नाहीत. धुतल्या तांदळासारखा बाहेर येईल.

बापूसाहेबांना म्हटलं. ते उठून उभे राहिले. "वेडा झालास? घटनेनं त्याला गप्प बसायचा हक्क दिलाय, तो आता कामी येतोय. सुटतोय माणूस. आणि बी निघालं तर?" मी म्हटलं, तो निर्दोष आहे. ते म्हणाले, "निर्दोष माणसाचं रक्तही बी असू शकतं. तुझं नाही का?"

तिनांत एक. म्हणजे तिनांत दोन वाटा आपल्या बाजूच्या. मी हिशेब करून पाहिला, चांगल्या आहेत वाटा.

रमा म्हणाली, "हे तुम्ही त्याच्यासाठी करताय?" मी म्हटलं, दोघांसाठी.

१९ ऑगस्ट, रविवार

वच्छलाबाईंबरोबर तुरुंगात भेटीला गेलो. बापूसाहेबांना सांगितलं नाही. जाळीपलीकडे शालिकराम उभा, दाढी वाढलेली. मी सगळं समजावलं. गट, तिनांत एक, माझ्यावरचा खटला, रमाचे दिवस. रमाचे दिवस सांगायला नको होते बहुधा, पण तोंडात आलं.

वच्छलाबाई मध्येच म्हणाल्या, "वकीलसायेब त नाही म्हनते ना? मंग काहून द्यायचं?"

शालिकरामनं जाळी दोन्ही हातांनी धरली. मग तिला म्हणाला, "अवं, या मानसानं माह्यापायी नोकरी घालवली. घरी बाईमानूस अवघडलेलं. मले का बोटभर रक्ताचं भ्या आहे? म्या काही केलंच नाही त रक्त काहून बोलंन माह्याविरुद्ध?" मग मला म्हणाला, "हरिभाऊ, तुमी म्हनता त देतो. तुमी त रोजचं रक्त पाहता, तुमाले जास्त मालूम."

मी म्हटलं, "काही होत नाही, शालिकराम." मी असं म्हटलं.

परत येताना वच्छलाबाई मोर्णा नदीच्या पुलापर्यंत माझ्या मागून चालत होत्या.

२७ ऑगस्ट, सोमवार

शालिकराम उभा राहिला आणि जज्जसाहेबांना म्हणाला, "माहं रक्त घ्या सायेब. कोनी जबरी नाही केली, मी आपल्या खुशीनं देतो." बापूसाहेब अक्षरशः त्याच्या अंगावर धावून गेले. जज्जसाहेबांनी तीनदा विचारलं, तुम्हाला हक्क आहे, नाही म्हणू शकता, समजलं का? तिन्ही वेळा तो हो म्हणाला, आणि तिन्ही वेळा त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली.

३० ऑगस्ट

सिव्हिल सर्जननं रक्त घेतलं. अहवाल यायला महिना लागेल. बापूसाहेबांनी मला दारात उभं केलं नाही.

१८ सप्टेंबर

मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. मी तिला हातात घेतली आणि लगेच रमाकडे परत दिली.

८ ऑक्टोबर

बी.

९ ऑक्टोबर

देवा, मी काय केलं.

कालपासून हाच हिशेब करतोय. तिनांत एक होता. फक्त एक. तो हाच कसा निघाला? की खरंच त्यानं मारलं? हा विचार आला तेव्हा मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो. त्यानं मारलं असेल तर मी सुटलो. सकाळभर मी देवाजवळ तेच मागत होतो की त्यानं मारलेलं असू दे. ज्याच्या घरचं ताक प्यालो त्याच्यासाठी हे मागत होतो.

नाही मारलं त्यानं. मारलं असतं तर माझ्या एका मान हलवण्यावर रक्त दिलं असतं का कोणी?

बी माझंही आहे. मीही त्या पिंजऱ्यात उभा राहू शकलो असतो. माझं धुऱ्याचं भांडण नव्हतं एवढंच.

१५ ऑक्टोबर, सोमवार

जन्मठेप.

निकालात माझ्याबद्दल आहे. ते तसंच्या तसं लिहितो, म्हणजे विसरणार नाही. आरोपीच्या आत्ता घेतलेल्या रक्ताचा गट आणि बोळ्यावरच्या रक्ताचा गट एकच आहे, यावरून बोळा आरोपीच्याच रक्ताचा होता आणि साक्षीदारानं पहिल्यांदा सांगितलं तेच खरं होतं असं दिसतं. नंतरचा जबाब त्यानं दयेपोटी किंवा आरोपीच्या माणसांच्या दडपणाखाली दिला असावा. साक्षीदाराचं वय, कुटुंब आणि आजवरची चोख नोकरी लक्षात घेता त्याच्यावर खटला भरण्याची जरुरी वाटत नाही.

आजवरची चोख नोकरी. मी उठून ओरडलो, "ते माझं रक्त होतं साहेब." शिपायानं खांदा दाबून खाली बसवलं. कोणी माझ्याकडे पाहिलंही नाही. आता मी हे कोणालाही सांगितलं तरी कागदावर ते खोटं आहे.

शालिकरामला नेताना तो माझ्याजवळून गेला. मी म्हटलं, "मला माफ करा." तो थांबला. "तुमी काही नाही केलं, हरिभाऊ. माहंच रक्त वंगाळ निंगालं." असं म्हणाला तो. त्याला खरंच वाटतं की त्याच्या रक्तातच काही खोट असेल.

मला शिक्षा झाली असती तर.

२२ ऑक्टोबर

बापूसाहेब अपील करताहेत. त्यांच्याकडे गेलो, म्हटलं मी पुन्हा साक्ष देतो, काहीही लिहून देतो, ही वही देतो. त्यांनी वही चाळली, दोन-तीन पानं वाचली, आणि परत केली. "फितूर साक्षीदाराची डायरी. निकालानंतर बसून लिहिली म्हणतील. आणि आपणहून, जज्जासमोर, तीनदा विचारल्यावर दिलेलं रक्त मी आता नाकारू कसं? ते कुलूप त्याचं होतं, हरिहर. त्यानं तुझ्या भरवशावर किल्ली देऊन टाकली." मग म्हणाले, "आता ये तू."

रमाला सांगितलं. ती मुलीला पाजत होती. "मी विचारलं होतं तुम्हाला," एवढंच म्हणाली. सतरा ऑगस्टला विचारलं होतं. वर लिहिलेलं आहे.

३ डिसेंबर, सोमवार

खात्याचा हुकूम आला. निलंबन मागे. कोर्टानं नोकरी चोख ठरवल्यामुळे मागचा पगारही मिळणार, आणि एक जानेवारीपासून कायम. नानांनी देवापुढे पेढे ठेवले. साहेब म्हणाले, "झालं गेलं विसरा, पिंपळडोहची फेरी बरीच मागे पडली आहे."

मी राजीनामा लिहिला. रमानं वाचला. ती म्हणाली, "द्या हवं तर." मग मुलगी रडली, ती आत गेली. राजीनामा अजून खिशात आहे. उद्या देईन.

६ डिसेंबर

दिला नाही.

पिंपळडोहला गेलो. कापूस वेचायचे दिवस, गावात म्हातारी माणसं आणि पोरं तेवढी. तेरा घरं झाली. चौदावं त्यांचं. पुढे जायला पाहिजे होतं, मे महिन्यात जात होतो तसं. पाय जाईना. भिंतीवर माझी तारीख तशीच होती, एकवीस दोन बासष्ट. कोणीतरी त्यावर शेण फासून पाहिलं होतं, तरी खालून दिसत होती.

वच्छलाबाई दारात बसून वाती वळत होत्या. मला पाहून उठल्या नाहीत. ओसरीवर धाकटी मुलगी वाकळ पांघरून पडली होती, डोळे लाल, दात वाजत होते. एवढी वर्षं ताप शोधत हिंडलो आणि एवढा धडधडीत ताप मी क्वचितच पाहिला. गोळ्या माझ्या पिशवीत होत्या. पण नियम असा की आधी रक्त घ्यायचं, मग गोळ्या.

मी म्हटलं, "वच्छलाबाई, पोरीला ताप आहे. बोट टोचतो, लगेच गोळ्या देतो. मलेरिया असेल तर उशीर बरा नाही."

त्यांनी मुलीचे दोन्ही हात वाकळीत कोंबले आणि वाकळ तिच्या हनुवटीखाली दाबून धरली.

"आमच्या घरी कोनाले ताप नाही," त्या म्हणाल्या.

मी गोळ्या ओट्यावर ठेवल्या. आठ ठेवल्या. त्यांनी त्या माझ्या देखत पायानं खाली लोटल्या. मी त्या धुळीतून वेचल्या, पुसल्या, पुन्हा ओट्यावर ठेवल्या, आणि त्यांनी पुन्हा लोटल्या. मुलगी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहत होती.